पोते, नकाशा आणि आफ्रिकेचे कलावंत

जुन्या युरोपीय नकाशांत पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ओळीने चार नावे छापलेली आढळतात : दाण्यांचा किनारा, हस्तिदंताचा किनारा, सोन्याचा किनारा आणि गुलामांचा किनारा. (दाणे म्हणजे धान्याचे नव्हेत, मिरीसारख्या एका तिखट मसाल्याचे.) तिथे कोण राहते, ते कोणती भाषा बोलतात, आपल्या गावाला ते स्वतः काय म्हणतात, याचा या नावांत पत्ता नाही. तिथून काय उचलून न्यायचे तेवढे मात्र अगदी स्पष्ट आहे. वाण्याच्या दुकानात डब्यांवर 'तूरडाळ', 'साखर', 'पोहे' अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, तसाच हा प्रकार. फक्त डब्यांच्या जागी माणसांचे मुलूख होते.

वसाहतवाद म्हणजे परकी सत्ता, परके सैन्य, परके कायदे, असे आपण परीक्षेत लिहितो आणि मार्कही मिळवतो. परंतु या सत्तेने माणसांच्या मनात जागेविषयी एक कल्पना पेरली, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ती कल्पना साधारण अशी : जागा म्हणजे नकाशावरचा एक तुकडा. त्या तुकड्याला एक मालक, एक नाव आणि एक ठरलेले काम असते. एका तुकड्याने सोने द्यायचे, दुसऱ्याने कोको, तिसऱ्याने मजूर; आणि या सर्वांचे मोल ठरवायचे लंडन, पॅरिस नाहीतर ब्रसेल्समध्ये बसून. सत्ता गेली, झेंडे बदलले, पण ही कल्पना मात्र बरीचशी शिल्लक राहिली. आफ्रिकेतील आजच्या काही कलावंतांनी, तसेच आफ्रिकेबाहेर वाढलेल्या काही आफ्रिकी वंशाच्या कलावंतांनी, नेमके तिच्यावरच बोट ठेवले आहे.

त्यांच्यापैकी ज्यांचे काम मला भिडले त्यांच्याविषयीच मी लिहिणार आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी. शाळेत दिलेल्या एलिमेंटरी परीक्षेपलीकडे चित्रकलेचा आणि माझा संबंध आलेला नाही. यांतली एकही कलाकृती मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. ग्रंथालयातल्या संगणकावर आणि मोबाइलवर छायाचित्रे व चित्रफिती पाहिल्या, तेवढेच. तेव्हा रंगरेषांविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा माझा विचार नाही. मला बोलायचे आहे ते या कृतींत वापरलेल्या वस्तूंविषयी, आणि त्या वस्तूंतल्या एकीविषयी तर मला पुस्तकाबाहेरचीही थोडी माहिती आहे.

प्रथम एका टेबलाची गोष्ट. १५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या काळात जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याने बर्लिन येथे एक परिषद भरवली. चौदा राष्ट्रांचे प्रतिनिधी आले. चर्चा आफ्रिकेविषयी होती आणि आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. त्या टेबलावरच आफ्रिका कापून वाटून घेतली असे सर्रास सांगितले जाते, ते तितकेसे बरोबर नाही. तिथे ठरले ते वाटणीचे नियम : कोणी कुठे हक्क सांगायचा, तो इतरांनी केव्हा मान्य करायचा. प्रत्यक्ष तुकडे पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत पडले. १९१४ पर्यंत इथिओपिया आणि लायबेरिया सोडल्यास जवळजवळ सारा खंड युरोपच्या ताब्यात गेला होता.

यिंका शोनिबारे या कलावंताने २००३ साली हे टेबल पुन्हा मांडले. शोनिबारे १९६२ साली लंडनमध्ये जन्मला, आईवडील नायजेरियाचे, बालपण लागोसला गेले आणि कलेचे शिक्षण पुन्हा लंडनला झाले. त्याच्या कलाकृतीत एक लांब टेबल आहे, टेबलावर आफ्रिकेचा नकाशा कोरलेला आहे आणि भोवती चौदा पुरुष बसलेले आहेत. कोणी हात पुढे केला आहे, कोणी पुढे वाकला आहे. कोटांचा काट त्या काळातला. मात्र एकालाही डोके नाही! मानेपाशी पुतळा संपतो. नकाशा समोर आहे, हात नकाशाकडे आहेत, पण बघायला डोळे नाहीत आणि विचार करायला मेंदू नाही. हा विनोद पहिल्या नजरेतच कळतो.

दुसरा विनोद कळायला वेळ लागतो, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. या साहेबांचे कोट काळ्या लोकरीचे नसून भडक रंगांच्या, मोठमोठ्या नक्षीच्या छापील कापडाचे आहेत. हे कापड पाहिले की कोणीही म्हणेल, हे 'आफ्रिकी' कापड. पण त्याची कुळकथा पाहा. मेणाने नक्षी झाकून रंगवण्याची बाटिक कला जावा बेटातली. जावा डचांच्या ताब्यात. डच कारखानदारांनी एकोणिसाव्या शतकात यंत्रावर तिची नक्कल केली आणि तो माल जावाच्याच बाजारात विकायचा घाट घातला. तिथे तो फारसा चालला नाही. मग तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेला गेला. तिथल्या बायकांनी आपल्या पसंतीने त्यातल्या नक्षी निवडल्या, नक्षींना नावे दिली, त्यांना अर्थ दिले. होता होता ते कापड आफ्रिकेचे झाले. शोनिबारे हे कापड विकत घेतो तेही लंडनच्या ब्रिक्स्टन बाजारातून. म्हणजे जावाची कला, हॉलंडचे यंत्र, आफ्रिकेच्या बायकांची आवड आणि लंडनचे दुकान. आता सांगा, हे कापड कुठले? ज्यांनी माणसांना नकाशाच्या चौकटींत बसवले त्यांच्याच अंगावर शोनिबारेने कोणत्याही चौकटीत न बसणारे कापड चढवले आहे.

आता पोत्याकडे वळू. 

इब्राहिम महामा हा घानाचा कलावंत. जन्म १९८७, घानाच्या उत्तर भागातील तमाले या गावी; शिक्षण कुमासीच्या विद्यापीठात. त्याच्या कामातली मुख्य वस्तू म्हणजे तागाची जुनी पोती. शेकडो पोती उसवून, एकमेकांना शिवून तो प्रचंड वाकळा तयार करतो आणि त्यांनी इमारतीच्या इमारती झाकून टाकतो. प्रारंभी, २०१२ च्या सुमारास, त्याने अशा वाकळा आक्रा शहरातल्या बाजारांत टांगल्या. २०१५ साली व्हेनिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनात दोन उंच भिंतींमधला लांबच लांब रस्ता त्याने पोत्यांनी मढवला. त्या वर्षी त्या प्रदर्शनाचा मुख्य संयोजक ओक्वी एन्वेझोर हा नायजेरियात जन्मलेला गृहस्थ होता. २०१७ साली जर्मनीतल्या कासेल येथे वेशीजवळच्या जुन्या राजेशाही इमारती त्याने अशाच गुंडाळल्या. लोक पोत्यांजवळून चालत जातात, वास घेतात, हात लावून बघतात.

ही पोती म्हणजे आपल्या बाजारभाषेतले बारदान. घानाच्या पोत्याचा प्रवास महामाने फार बारकाईने मांडला आहे. नवे पोते कोकोसाठी असते. त्यात चौसष्ट किलो कोकोच्या बिया भरतात, वर कोको मंडळाचा आणि 'घानाचे उत्पादन' असा शिक्का मारतात. ते एकदा झिजले की त्यात मका, तांदूळ, कडधान्य. आणखी विरले की कोळसा. कोळशापर्यंत पोचलेले पोते काळे, ठिगळांचे, ठिकठिकाणी नावे आणि खुणा लिहिलेले असते. महामाला हवे असते ते हेच. व्यापाऱ्यांना तो नवी पोती देतो आणि बदल्यात ही फाटकी घेतो. व्यापारी प्रथम त्याला वेड्यात काढत असतील, यात मला शंका नाही!

आता मौज अशी की ज्या पोत्यावर 'घानाचे उत्पादन' असा शिक्का आहे ते पोते स्वतः घानाचे नाही. ताग आला भारतातून आणि बांगलादेशातून. आपण अभ्यासक्रमात शिकतो की बंगालचा ताग स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात विणला जाई आणि १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे पहिली ताग गिरणी उभी राहिली. तो धडा आम्ही 'भारतातील आधुनिक उद्योगांचा उदय' या शीर्षकाखाली पाठ केला होता. पाठ करताना कोणाच्या मनात आले असेल की गंगेच्या काठच्या चिखलात उभे राहून कोणी कापलेला हा ताग पुढे आफ्रिकेत कोकोच्या बिया पोटात घेऊन युरोपच्या चॉकलेटच्या कारखान्याकडे निघतो? आफ्रिका एका पेपरात, बंगाल दुसऱ्या पेपरात. महामाने दोन्ही पेपर सुतळीने एकत्र शिवले.

इथे थोडे घरचे सांगते. माझे वडील तालुक्याच्या मार्केट यार्डात हमाली करतात. आई व्यापाऱ्यांकडून फाटके बारदान आणून घरी शिवते आणि नगावर पैसे घेते. दाभण, सुतळी आणि तागाच्या धुळीचा खोकला हे आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. आमच्या ओट्यावर येणाऱ्या पोत्यांवर पंजाबातल्या गव्हाचे आणि अन्न महामंडळाचे शिक्के असतात, आणि शेवटी त्यांत भरली जाते आमच्या भागातली ज्वारी. त्यामुळे व्हेनिसच्या भिंतीचे छायाचित्र मी मोबाइलवर पाहिले तेव्हा मला ते 'आधुनिक कला' वगैरे काही वाटलेच नाही. वाटले की एवढे बारदान शिवायला किती बायका आणि किती दिवस लागले असतील?

छायाचित्र मी आईला दाखवले. तिने ते मोठे करून घेतले आणि शिवण बघितली. म्हणाली, "टाका लई लांब घेतलाय. ह्यात हरभरा ऱ्हाईल व्हय?" मी म्हटले, यात काही भरायचे नाही, ही भिंतीवर लावायची पोती. त्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, "मग शिवणाऱ्यांस्नी काय देत्यात?"

हा प्रश्न मला कोणत्याही कलासमीक्षेत इतक्या सरळपणे विचारलेला दिसला नाही. त्याचे अर्धे उत्तर मी देऊ शकते. महामा एकटा शिवत नाही. गावाकडून शहरात कामाच्या शोधात आलेले तरुण-तरुणी त्याच्या कामावर असतात. जुन्या गोदामांत, बंद पडलेल्या रेल्वेच्या आवारांत बसून ते ही पोती जोडतात, आणि ते काम चालू असतानाची छायाचित्रे व चित्रफिती महामा प्रदर्शनात मांडतो. हे शिवणे त्याने लपवलेले नाही, ही मोठी गोष्ट. परंतु कलाकृतीखाली नाव महामाचेच लागते आणि किंमतही त्याच्याच नावाला येते. आईच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर अजून तिथेच आहे.

गावाकडून शहरात आलेले म्हणजे कुठून? बहुतेक उत्तरेकडून. हे समजण्यासाठी घानाचा रेल्वेचा नकाशा पाहावा. इंग्रजांच्या 'सोन्याच्या किनाऱ्या'वर सेकोंडी बंदरापासून लोहमार्ग निघाला. १९०१ साली तो तार्क्वाच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोचला, १९०३ साली कुमासीला. पुढे आक्राहून दुसरा फाटा काढला तो कोकोच्या मुलखातून १९२३ मध्ये कुमासीलाच येऊन मिळाला. तिथून उत्तरेला मात्र रूळ गेलाच नाही. उत्तरेत ना सोने होते ना कोको. तिला इंग्रजांनी नावही दिले ते नुसते 'उत्तरेचे मुलूख'. डब्यावर चिठ्ठी लावण्याजोगा मालच सापडला नसावा. पण तिथे माणसे होती. ती पायी दक्षिणेत उतरली, खाणींत आणि कोकोच्या मळ्यांत राबली. घाना ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाला. उत्तर-दक्षिणेचा हा उतार काही सपाट झाला नाही. (जाता जाता : 'घाना' हे नाव एका प्राचीन आफ्रिकी राज्याचे, आणि ते राज्य आजच्या घानाच्या हद्दीत नव्हतेच, बरेच वायव्येला होते. स्वाभिमानाने घेतलेले नावसुद्धा दुसऱ्या जागेवरून चालत आलेले! शेजारच्या देशाने मात्र स्वातंत्र्यानंतरही 'हस्तिदंताचा किनारा' हे नाव फ्रेंच भाषेत तसेच ठेवले आहे.)

आजही उत्तरेकडच्या मुली आणि बाया आक्रा, कुमासीच्या बाजारांत डोक्यावर ओझी वाहतात. त्यांना 'कायायेई' म्हणतात. या शब्दातला 'काया' म्हणजे ओझे, तो हौसा भाषेतला. आणि 'येई' म्हणजे स्त्रिया, तो आक्राच्या गा भाषेतला. एका शब्दात उत्तर आणि दक्षिण दोन्ही. आपल्याकडे हमाल म्हटले की पुरुषच डोळ्यांपुढे येतो. तिथे हमालीच बायकांची. २०२५ साली व्हिएन्नाच्या कुन्स्टहाले या कलादालनात महामाने रेल्वेच्या एका बाद इंजिनाचा सांगाडा उभा केला, तो रुळावर नव्हे. अशा बायकांनी डोक्यावर वाहिलेल्या हजारो जुन्या घमेल्यांच्या राशीवर त्याने ते इंजिन ठेवले. वसाहतीची प्रगती कशावर उभी होती हे दाखवण्यासाठी एखादा विद्वान शंभर पाने लिहील. आमच्या यार्डातली कोणतीही बाई हे इंजिन पाहून एका क्षणात मान डोलावेल.

महामाची आणखी एक छायाचित्रमाला आहे. तिच्यात माणसांचे चेहरे नाहीत, फक्त कोपरापासून मनगटापर्यंतचे हात आहेत आणि त्यांवर गोंदलेली अक्षरे. उत्तरेकडून कामाला निघालेली माणसे आपले किंवा नातलगाचे नाव, गावाचे नाव हातावर गोंदवून घेतात. परमुलखात अपघात झाला, मरण आले, तर हा कोण, कुठला, हे कळावे म्हणून. माझ्या आजीच्या हातावरही तिचे नाव गोंदलेले आहे. तिला अक्षर वाचता येत नाही, पण ते आपले नाव आहे हे ठाऊक आहे. नकाशा काढणाऱ्याला जागा कागदावर लिहिता येते. ज्याच्याजवळ कागद नाही तो ती कातडीवर लिहितो आणि बरोबर घेऊन जातो.

अशा पोत्यांचेही पुढे काय झाले ते सांगण्याजोगे आहे. युरोप-अमेरिकेतल्या दोन कलाविक्रेत्यांनी महामाकडून पोत्यांचा मोठा साठा घेतला आणि तो कापून, लहान लहान चौकटींवर ताणून त्याचे २९४ तुकडे केले. प्रत्येक तुकडा स्वतंत्र चित्र म्हणून विकता यावा, हा हेतू. महामाने हे तुकडे आपली कलाकृती नव्हेत अशी भूमिका घेतली. विक्रेत्यांचे म्हणणे, त्याने त्यांवर सह्या केल्या होत्या. प्रकरण २०१५ साली अमेरिकेतील न्यायालयात गेले आणि पुढे आपसात मिटले. कायद्याने कोण बरोबर होते यात मी पडत नाही. पण जोडून केलेली एक अखंड वस्तू टेबलावर घ्यायची, तिचे विकाऊ चौकोन पाडायचे आणि कोपऱ्यात सही मागायची, हे वाचताना मला शोनिबारेच्या बिनडोक्याच्या साहेबांची आठवण झाली नसती तरच नवल!

जोडण्याचेच काम करणारा आणखी एक थोर कलावंत म्हणजे एल अनात्सुई. घानात १९४४ साली जन्मलेला आणि १९७५ पासून बरीच वर्षे नायजेरियाच्या एन्सुका विद्यापीठात शिकवलेला. दारूच्या बाटल्यांची हजारो टोपणे ठोकून सपाट करून, तांब्याच्या तारेने जोडून तो भिंतीएवढी चमचमती वस्त्रे तयार करतो. गुलामांच्या व्यापारात युरोपीय दारू हे एक चलनच होते, हे लक्षात घेतले म्हणजे टोपणाचा अर्थ उलगडतो. त्याच्या वस्त्राला ठरीव आकार नसतो. प्रत्येक ठिकाणी लावणारे ते नव्याने चुण्या घालून लावतात. त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी पुढे जाते.

आतापर्यंत वस्तूंविषयी झाले. पण स्वतः माणूसच उचलून नेला तर त्याची जागा कोणती? या प्रश्नावर लुबैना हिमिडने काम केले आहे. ती १९५४ साली झांझिबारमध्ये जन्मली, तान्ही असतानाच आईबरोबर इंग्लंडला आली, तिथेच वाढली. २०१७ साली इंग्लंडचा टर्नर पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. युरोपातल्या जुन्या दरबारी चित्रांत श्रीमंतांच्या कोपऱ्याशी एखादा काळा नोकर उभा असतो, तबक घेऊन किंवा कुत्र्याची साखळी धरून. चित्राच्या नावात त्याचा उल्लेख नसतो. हिमिडने २००४ साली अशा शंभर माणसांच्या माणसाएवढ्या रंगीत फळ्या कापून उभ्या केल्या. ढोलकी वाजवणारे, नाचणारे, कुंभार, चांभार, वैदू, खेळणी करणारे, कुत्री शिकवणारे, वादक, चित्रकार. आणि नकाशे काढणारेसुद्धा! प्रत्येकाच्या पाठीवर हिशेबाचा कागद चिकटवलेला आहे. त्यावर त्याचे खरे नाव, मालकाने दिलेले नाव, पूर्वी तो काय करी, आता काय करतो आणि तरीही त्याच्यापाशी काय उरले आहे, हे लिहिलेले आहे. प्रेक्षक त्या शंभरांच्या गर्दीतून चालतो. कोणी कोपऱ्यात नाही. हिशेबाच्या कागदाचा असा उपयोग कोणा सावकाराच्या स्वप्नातही आला नसेल.

हे वाचताना आपल्या मातीतले एक नाव आठवणे स्वाभाविक आहे. इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला, आणि मालकाने दिलेल्या 'अंबर' या नावाने निजामशाहीचा वजीर झाला. मलिक अंबरने वसवलेली खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याच्या नहरींचे पाणी त्या शहराने पुढे कित्येक पिढ्या प्यायले. मलिक अंबर १६२६ साली वारला. त्याच्या मोहिमा आम्ही शिकलो. 'चापू' हे नाव मात्र आमच्या वर्गात कोणाला ठाऊक नव्हते.

मेशाक गाबा या कलावंताचा मार्ग आणखी खट्याळ आहे. हा बेनिन देशातल्या कोतोनूचा, जन्म १९६१. शिकायला अ‍ॅमस्टरडॅमला गेला आणि त्याला दिसले की युरोपच्या संग्रहालयांत आफ्रिका म्हणजे मुखवटे आणि भाले. आज जिवंत असलेल्या आफ्रिकी कलावंताला तिथे दालनच नाही. तेव्हा त्याने १९९७ ते २००२ या काळात आपले स्वतःचे 'समकालीन आफ्रिकी कलेचे संग्रहालय' काढले. त्याला इमारत नाही, पत्ता नाही. बारा दालने, ती एका शहरातून दुसऱ्या शहरात दुसऱ्यांच्या संग्रहालयांत उतरतात. त्यांत ग्रंथालय आहे, दुकान आहे, उपाहारगृह आहे, खेळायची खोली आहे. एका दालनासाठी तर त्याने २००० साली अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात खरोखरीचे लग्न लावून घेतले! पुढे लंडनच्या टेट संग्रहालयाने या संग्रहालयाचा मोठा भाग विकत घेऊन २०१३ साली मांडला. पाहुणा घरात शिरला आणि घरमालकाने त्यालाच घरात ठेवून घेतले, असा हा प्रकार.

आणि इथेच एक आक्षेप उभा राहतो. आमच्या एका सरांनी तो घेतला, आणि मला तो टाळता येण्यासारखा वाटत नाही. सर म्हणाले, "हे सगळे कलावंत वसाहतवादाला आव्हान देतात म्हणतेस, मग त्यांची प्रदर्शने लंडन, व्हेनिस, व्हिएन्ना इथेच का? मोल अजून तिथेच ठरते ना?" ठरते. कोकोचे जसे ठरते तसेच पोत्याचेही. घाना आणि त्याचा शेजारी मिळून जगातला सुमारे निम्मा कोको पिकवतात आणि चॉकलेटचा नफा दुसरीकडे जातो. कलेचे गणित फार निराळे नाही. हे कलावंत त्या गणिताबाहेर आहेत असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मात्र एकदा पैसा हाती आल्यावर तो घेऊन कुठे जायचे, एवढे तरी माणसाच्या हाती असते. म्हणूनच महामाच्या कामाचा जो भाग परदेशातल्या भिंतींवर नाही तो मला अधिक मोलाचा वाटतो.

तो भाग तमालेत आहे. कलाविक्रीतून आलेल्या पैशातून महामाने २०१९ साली तिथे कलाकेंद्र उघडले, आणि त्यानंतर गावाबाहेर लाल मातीच्या विटांच्या मोठमोठ्या इमारती बांधून दुसरे, 'रेड क्ले' नावाचे. नक्रुमाच्या काळात, १९६० नंतरच्या वर्षांत, सरकारने धान्य साठवायला काँक्रीटची प्रचंड कोठारे बांधायला घेतली होती. १९६६ च्या लष्करी बंडानंतर ती अर्धवट पडून राहिली. तमालेतले असे एक कोठार महामाने विकत घेतले. आत वटवाघळांची वस्ती झाली होती. तिथेही आता प्रदर्शने होतात. प्रवेशाला तिकीट नाही. आसपासच्या खेड्यांतली शाळकरी मुले रांगेने येतात. ज्यांना राजधानीचे संग्रहालय दाखवायला कोणी नेणार नाही त्यांच्या दाराशी संग्रहालय आले आहे.

रेड क्लेच्या आवारात मोडीत निघालेली विमानेही आहेत. महामाने ती विकत घेतली आणि शेकडो किलोमीटर रस्त्याने तमालेपर्यंत ओढून आणली. आतल्या खुर्च्या काढून तिथे बाके आणि फळा आला. ज्या गावापर्यंत इंग्रजांचा रूळ कधी आलाच नाही, त्या गावची मुले आता विमानात बसून धडे गिरवतात. चित्रफितीत एक मुलगी विमानाच्या शिडीवर चप्पल काढून ठेवते आणि मग आत जाते. पंखाखाली सावलीला दोन शेळ्या बसलेल्या आहेत.